मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या गाडीला वेळेची चिठ्ठी द्या

मा. संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाविषयी वर्तमानपत्रांत जे काही छापून येते ते बहुधा दूधसागरावरच्या गर्दीबद्दल, जीपच्या फेऱ्यांबद्दल, नाहीतर रेल्वेच्या दुसऱ्या रुळाबद्दल असते. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण तिकीट न काढता, कुणाला न विचारता रोज रात्री या उद्यानात जे लोक शिरतात त्यांच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. मी त्यांच्यातलाच एक आहे, म्हणून हे पत्र.

फोंड्याच्या बाजारात माझा भाजीचा घाऊक धंदा. माल बेळगावचा. संध्याकाळी तिथे सौदे होतात, रात्री पिकअप भरतो आणि खानापूर, रामनगर, अनमोड करून घाट उतरतो. पहाटे गावोगावच्या भाजीवाल्या बाजारात येऊन उभ्या राहायच्या आत माल उतरलेला हवा. टोमॅटोचे क्रेट आणि कोबीची पोती एक वेळ तासभर थांबतात, पण कोथिंबिरीच्या जुड्या उन्हं वर आल्यावर पोचल्या तर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वय झाले तरी अधूनमधून मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून जातोच. माल कसा आहे ते फोनवर कळत नाही, आणि खरे सांगायचे तर घरी झोपही लागत नाही. तेव्हा हा घाट मी पाहिला आहे तो मुख्यतः रात्रीचा, पुढच्या दोन दिव्यांच्या उजेडात.

मोलेचे भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटरचे. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. या जंगलातूनच पणजी-बेळगाव महामार्ग जातो. पूर्वी त्याला ४-अ म्हणत, आता ७४८ म्हणतात. आम्ही आपले अनमोडचा रस्ताच म्हणतो. दक्षिणेकडून रेल्वेचा घाट चढतो. म्हणजे जंगल आहे एकच, पण त्याचे उभे-आडवे तुकडे पाडणाऱ्या वाटा माणसाच्या.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. मात्र त्यातून काही लोक वगळले आहेत, आणि त्यांत सार्वजनिक महामार्गावरून नुसता जाणारा माणूसही आहे. तसे असायलाच हवे, नाहीतर फोंड्याला भाजी मिळायची नाही. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की अभयारण्यात कुणीही प्राण्याला छेडू नये आणि कचरा टाकू नये. तिथे महामार्गावरच्या माणसाला सूट नाही. सूट मिळाली आहे ती परवान्यापुरती. आम्ही मात्र जंगलाचे सगळेच नियम माफ झाल्यासारखे वागतो.

गेल्या हिवाळ्यात इचलकरंजीहून माझा भाचा सहकुटुंब आला. बेळगावहून अनमोडमार्गे उतरला आणि थेट कुळ्याला आम्हाला भेटला. दूधसागरासाठी तिथे जीपच्या रांगेत उभा असताना मला विचारतो, "मामा, जंगल कुठनं सुरू होतंय?" अहो, तासाभरापूर्वी तो त्याच जंगलातून खाली आला होता! काचा बंद, एसी चालू, गाणी मोठ्याने, वेग किती ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्याला वाटले तो घाट होता आणि जंगल म्हणजे जिथे फाटक असते, पावती मिळते ते. त्यात त्या पोराचा दोष नाही. कुळ्याच्या फाटकापाशी पैसे घेतात, प्लास्टिकवर नजर ठेवतात, लाइफ जॅकेट घालायला लावतात, आणि पुढे जीप ओढ्यांच्या पाण्यातून माणूस चालेल इतक्या वेगाने जाते. पावसाळ्यात तर ही वाट बंदच असते. इतका बंदोबस्त दिवसा येणाऱ्या पर्यटकासाठी. आणि त्याच उद्यानातून रात्री सोळा चाकांचा ट्रक वाटेल त्या वेगाने गेला तरी त्याला विचारणारे कुणी नाही.

दूधसागरावर जे असते तेच होते. पाणी छान, माणसे फार. फोटो काढून झाले की बघायचे काय असे भाच्याच्या पोरांना वाटायला लागले. तेवढ्यात वरून मालगाडी गेली, तिच्या मागे ढकलायला लावलेली इंजिने बघून पोरे परत खूश. या रेल्वेघाटाचा चढ १:३७ आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यातल्या करारातून हा मार्ग मुरगाव बंदरासाठी झाला, तेव्हापासून गाडीला इथे बेतानेच जावे लागते. लोखंडी रुळावरच्या गाडीला घाटात वेगाची मर्यादा आहे आणि ती पाळली जाते. डांबरी रस्त्यावर मर्यादेची पाटी आहे आणि ती वाचली जाते, एवढेच.

दुपारनंतर आम्ही तांबडी सुर्लाला गेलो. माझ्या मते मोलेला येऊन तांबडी सुर्ला न बघता जाणाऱ्याने अर्धेच बघितले. साकोर्डे, बोळकर्णे सोडले की रस्ता अरुंद होत जातो आणि देवळापाशी संपतो. पुढे जायचेच नसल्यामुळे गाड्या आपोआप हळू होतात. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे महादेवाचे देऊळ. आज ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. काळ्या दगडाचे, आकाराने लहानसे. आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसत नाही. मग हळूहळू मंडपाचे खांब दिसू लागतात, छतातले दगडी कमळ दिसते, मुंडके नसलेला नंदी दिसतो. एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरला आहे. भाच्याच्या धाकट्या मुलीने तो बोटाने चाचपून पाहिला. उन्हाळा अजून यायचा होता तरी बाहेर उकडत होते, आणि तो दगड मात्र माठासारखा गार. मागे नदी, तिच्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, पाण्यात मासे.

या देवळाचा दगड या भागातला नाही, तो घाटापलीकडून आणला, असे जाणकार सांगतात. ते ऐकल्यापासून मी त्या देवळाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. घाटावरून ओझी खाली आणणारे आम्ही काही पहिले नव्हे. इतका दगड कुणी, कोणत्या वाटेने, किती पावसाळे सांभाळून आणला असेल? त्यांना पहाटेचा बाजार गाठायचा नव्हता, हे खरे.

आता रात्रीचे सांगतो.

जून संपत आला होता. पाऊस नुकताच पडून गेलेला, धुके झाडांच्या बुंध्यांपर्यंत उतरलेले. घाट उतरताना एका वळणावर आमच्या ड्रायव्हरने गाडी जवळजवळ थांबवलीच. "शेट, गवो आसा मुखार." मला काहीच दिसेना. मग दिव्यांच्या उजेडात चार पांढरे पाय दिसले. नुसते पाय, गुडघ्यापर्यंत, आणि वर काळोख. गव्याचे अंग इतके काळपट असते की ओल्या रात्री ते रस्त्यात मिसळून जाते, फक्त पायांतले पांढरे मोजे उजळतात. थोड्या वेळाने नाकातली वाफ दिसली, मग शिंगे, मग तो खांद्यावरचा उंचवटा. नर होता. पुरा वाढलेला नर हजार किलोपर्यंत जातो म्हणतात, आणि तो समोर उभा असताना त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. त्याच्या मागे दोन माद्या आणि एक पिंगट वासरू दरडीवरून खाली उतरत होते. ड्रायव्हरने दिवे बारीक केले. आम्ही गप्प.

एवढ्यात मागून एक रात्रीची बस आली. तिने आधी हॉर्न दिला, मग प्रखर दिवे, आणि वळणावरच आम्हाला ओलांडून पुढे घुसली. नर एका उडीत दरीच्या बाजूला गेला. वासराचे खूर ओल्या डांबरावर घसरले आणि ते फतकल मारून रस्त्याच्या मधोमध बसले. बसचालकाने ब्रेक मारला, बस तिरकी झाली, थांबली. वासरू उठले, पुन्हा घसरले, पुन्हा उठले आणि आईच्या मागे गेले. बसमधल्या एकाही प्रवाशाने खिडकीचा पडदा बाजूला केला नाही. सगळे झोपलेले असणार. गवा हा आपला राज्यप्राणी आहे, आणि तो कसा दिसतो ते बघायला हेच लोक सकाळी उठून पैसे मोजून कुठल्यातरी सफारीला गेले असतील.

गव्याचे निदान दिसते तरी. धडक झाली तर गाडीचाही चक्काचूर होतो, म्हणून चालक त्याला वचकून असतात. लहान जीवांना कुणी वचकत नाही. पहिल्या पावसाच्या रात्री घाटातल्या रस्त्यावर बेडूक इतके असतात की हळू चालवणाऱ्यालाही ते सगळे चुकवणे जमत नाही, आणि वेगात असलेल्याला ते दिसतच नाहीत. दिवसभर तापलेले डांबर रात्री ऊब धरून राहते, तिच्यासाठी साप येऊन पसरतात. चापड्यासारखा साप तर गाडी आली म्हणून हलतही नाही. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, दिव्यांनी दिपून जागीच थबकतो. उजाडता उजाडता कावळे आणि घारी येऊन रस्ता साफ करून जातात, त्यामुळे दिवसा जाणाऱ्याला वाटते इथे काहीच मरत नाही.

दिवसाचा त्रास निराळा. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स आणि केळी घालणारे महाभाग वाढत चालले आहेत. पुण्य मिळते अशी समजूत असावी. ती माकडे आता इंजिनाचा आवाज ऐकला की रस्त्यावर उतरतात, आणि मग चाकाखाली येतात. आमच्या धंद्यातले काही क्लीनरही नासलेले टोमॅटो आणि कोबीची सडकी पाने वळणावर भिरकावून मोकळे होतात. ते खायला जनावरे रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहतात. बाजारात मी यावरून भांडलो आहे आणि माणसांची तोंडे वाकडी झालेली पाहिली आहेत.

तर उपाय काय? बंदिपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते; रुग्णवाहिका आणि मोजक्या बसगाड्या तेवढ्या सोडतात. अनमोडला तसेच करा, असे काही निसर्गप्रेमी मित्र मला सांगतात. त्यांच्या घरी भाजी कोणत्या वाटेने येते हे मी त्यांना विचारत नाही. सगळी वाहतूक चोर्ल्याच्या घाटाने वळवली तर ती म्हादईच्या अभयारण्याच्या अंगाने जाणार. तिथेही जनावरे आहेतच. मग दुखणे इकडचे तिकडे एवढेच.

गतिरोधक घाला म्हणणारेही आहेत. भरलेला ट्रक उतारावर, धुक्यात, ओल्या डांबरावर अचानक गतिरोधकावर आला की काय होते ते त्यांनी एकदा क्लीनरच्या जागेवर बसून अनुभवावे. (आणि टोमॅटोचा चेंदा होतो, हे माझे दुःख वेगळे.) एखाद-दुसऱ्या ठिकाणी वेग टिपणारा कॅमेरा बसवला तर तो कुठे आहे ते आठवडाभरात सगळ्या चालकांना पाठ होते. कॅमेऱ्यापाशी तीस, पुढे सत्तर.

माझी सूचना साधी आहे. मोलेला नाका आहेच. तिथे गाड्या थांबतात, कागद बघतात, गोव्यातून बाहेर जाणाऱ्यांच्या डिकीत दारूच्या बाटल्या हुडकतात. त्याच ठिकाणी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत प्रत्येक गाडीला वेळ छापलेली चिठ्ठी द्यावी, आणि घाटमाथ्यावर हद्दीपाशी ती परत घ्यावी. उतरणाऱ्या गाड्यांसाठी उलट. मधले अंतर मोजलेले असेल. समजा नाक्यापासून नाक्यापर्यंत दहा किलोमीटर धरले आणि वेग ताशी तीसचा ठरवला, तर वीस मिनिटे लागायला हवीत. कुणी बारा मिनिटांत पोचला तर तो मधे कुठेतरी उधळला, हे सांगायला साक्षीदार नको. दंड जागच्या जागी. ज्याला लवकर पोचायचे आहे त्याने खुशाल पोचावे आणि नाक्यावर उरलेली मिनिटे उभे राहावे. एकदा हे कळले की उधळण्यात काही फायदा नाही, आणि फायदा नसलेली गोष्ट निदान आमच्या धंद्यात तरी कुणी करत नाही.

चिठ्ठीऐवजी दोन्ही टोकांना नंबरपाटी वाचणारे कॅमेरे लावले तरी चालेल. पण यंत्र पावसात बंद पडते, आणि कधी पडेल तर नेमके जूनमध्ये. शिक्का आणि कागद बंद पडत नाहीत. शिवाय हातात चिठ्ठी आली की माणसाला कळते की आपण कुठेतरी शिरतो आहोत. त्याच कागदाच्या मागे, मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत चार ओळी छापता येतील: हे राष्ट्रीय उद्यान आहे, हॉर्न नको, खायला घालू नका, गवा दिसला तर दिवे बारीक करून थांबा. माझ्या भाच्याला ती चिठ्ठी मिळाली असती तर त्याने कुळ्याला तो प्रश्न विचारला नसता.

आता आमच्या बाजूचा हिशेब. दहा किलोमीटर ताशी साठने गेलो तर दहा मिनिटे, तीसने गेलो तर वीस. फरक दहा मिनिटांचा. दहा मिनिटांत कोथिंबीर सुकत नाही. आणि घाटात साठने भरलेली गाडी चालवणे मुळात शहाणपणाचे नाही, हे आमचे जुने ड्रायव्हर तुम्हाला सांगतील. बांबोळीच्या इस्पितळाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला अर्थातच चिठ्ठी नको.

रस्ता रुंद केला की हा प्रश्न सुटेल असे म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. आज या रस्त्यावर काही ठिकाणी दोन बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना मिळालेल्या आहेत. शेकरू त्या फांद्यांवरून पलीकडे जाते. ते जमिनीवर क्वचितच उतरते. रस्ता दुप्पट रुंद झाला की त्या फांद्या गेल्या, आणि शेकरूला दोनच वाटा उरल्या: अलीकडेच राहायचे, नाहीतर चाकांमधून धावायचे. रुंद रस्त्यावर गाड्या हळू जातात असे मी तरी आजवर पाहिलेले नाही. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला आणि ते प्रकरण पुढे दिल्लीत गेले. हे निकाल मोठे आहेत, त्यांना वर्षे लागतात, लागू देत. वेळेच्या चिठ्ठीला न्यायालय लागत नाही, जमीन लागत नाही, एक झाडही तोडावे लागत नाही.

अडचण एक आहे आणि ती खरी आहे. घाट चढून गेले की कर्नाटकाची हद्द, आणि पलीकडे लगेच काळीचा व्याघ्र प्रकल्प. जनावरांना हद्द कळत नाही पण सरकारी खात्यांना फार चांगली कळते. दोन राज्यांनी एकत्र बसून ठरवायचे म्हटले तर माझ्या हयातीत ते होईल असे वाटत नाही; म्हादईच्या पाण्याचे काय चालले आहे ते आपण बघतोच आहोत. म्हणून सुरुवात गोव्याने आपल्या हद्दीपुरती करावी. घाटमाथ्यावर एक टपरी, दोन माणसे, एक शिक्का, आणि पावसात भिजणार नाही असे छप्पर. पावसाळ्यात तिथे रात्रभर उभे राहणाऱ्या माणसाला गरम चहाची सोयही करा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो सगळ्या चिठ्ठ्यांवर डोळे झाकून शिक्का मारील.

आमच्या बाजारातल्या गाडीवाल्यांपाशी मी हा विषय काढला आहे. दोघांनी तोंडावर हसून विषय उडवला. बाकीच्यांचे म्हणणे असे की चिठ्ठीला पैसे पडू नयेत आणि नाक्यावर रांग लागू नये. दोन्ही मागण्या रास्त आहेत. मालवाहू गाड्यांना वेगळी खिडकी दिली तर रांगेचा प्रश्न उरणार नाही. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात भाजीच्या आणि फळांच्या गाड्यांची या घाटात वर्षातली सर्वांत जास्त दाटी असते, आणि पाऊसही चालूच असतो. ही व्यवस्था चालते की मोडते ते त्या आठवड्यात कळेल. म्हणून वनखाते, वाहतूक खाते आणि पोलीस यांनी जूनमध्येच ती सुरू करून पाहावी. हे पत्र आपण छापले तर त्याची कात्रणे मी मोलेच्या नाक्यावर आणि आमच्या बाजाराच्या फळ्यावर लावीन.

आपला,
एक भाजी व्यापारी
फोंडा, गोवा